पंखा राहिला चालू

मंगळवार, संध्याकाळ

सुनेची सणसवाडीची खोली झाडायला गेले आन् चूक करून बसले. ती गावाकडनं जुन्या लॅपटॉपवरून खोलीतला मोठा कॉम्प्युटर चालवती, हे मला काय ठावं? खोलीत माणूस न्हाई आन् पडद्यावर बाण आपला आपण फिरतोय. निघताना सगळी बटणं बंद करायची माझी सवय. त्याचंही केलं. पंखा बंद करणार, तोच सुनेचा फोन.

"आई, सहाच्या आत कंपनीला ड्रॉइंग द्यायचंय. कॉम्प्युटर कसा बंद पडला?"

"लाईट गेली."

"मग पंखा कसा वाजतोय?"

गुमान बटण परत दाबलं. सहापर्यंत त्या बाणाची राखण करत बसले. एकदाचं ड्रॉइंग गेलं. सून म्हणाली, "आता करा बंद."

म्हणलं, "तूच कर तिकडून. जमलं तर पंखाबी कर."