एकेचाळीस मापांपैकी एक

शनिवार, २ मार्च

ती. मामांना नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खांदा सकाळी आखडतो, दुपारपर्यंत सैल होतो. तुम्ही बरे आहात हे मला ठाऊक आहे, रोज कारखान्यात माझ्या टेबलाजवळून जाता. मामींचा खोकला कमी झाला का? हे मनापासून विचारते आहे. मामींशी माझे काही वाकडे नाही.

१० फेब्रुवारीच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. लोणी काढण्याच्या यंत्राची जी ड्रॉइंग तुम्ही स्वतःच्या नावाने नोंदणी कचेरीत दिलीत, ती मी आईच्या वहीवरून उतरवली होती आणि त्यातल्या एकेचाळीस मापांपैकी एकही चुकलेले नाही, असे मी लिहिले होते. ते खरे नाही. चाळीस बरोबर आहेत. एक चुकले आहे, आणि ते माझ्या हातून.

मागच्या पत्राला तुमचे उत्तर मिळाले. "पत्र मिळाले. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख." एवढ्या दोन वाक्यांसाठी तुम्ही कारखान्याचा छापील कागद वापरलात आणि तो माझ्याच पेपरवेटखाली ठेवून गेलात. मी तो जपून ठेवला आहे. "कागद फेकायचा नाही गं फुटपट्टी, कधी कोणता लागेल सांगता येत नाही," ही सवय तुमचीच. वीस पावलांवर बसणारी मुलगी पत्रे कसली लिहिते, असे तुम्ही टायपिस्टबाईंना हसत विचारलेत म्हणे. समोर आलात की माझ्या तोंडून "हो मामा" एवढेच निघते, म्हणून लिहिते. शिवाय या पत्राची एक नक्कल मी ठेवली आहे आणि ती तिसऱ्या माणसाच्या हाती जाणार आहे. त्यालाही सगळे कळावे म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही इथे येतील. कंटाळू नका.

तर चुकीबद्दल.

आमच्या घरी आईची शिवणाची टेप आहे. मी चार वर्षांची असताना तिचे टोक इस्त्रीखाली जळले. आईने जळका भाग कापून टाकला. त्यामुळे टेप शून्याऐवजी एकापासून सुरू होते. तीन सेंटिमीटरची वस्तू त्या टेपवर चार दाखवते. नवीन टेप आणायची आईला कधी गरज वाटली नाही. "एक कमी करायचा, त्यात काय एवढं? डोकं वापरायला मिळतं," असे ती म्हणायची. वजाबाकी मी त्या टेपवर शिकले. शाळेत मी फार उशिरा गेले. तोवर माझी शाळा म्हणजे आईचा ओटा आणि रविवारी आलात की तुम्ही. पहिल्याच दिवशी बाईंनी पट्टीने रेघ मोजायला सांगितली. मी मोजली आणि उत्तरातून एक वजा केला. सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हा एक कुठे गेला?" मी म्हटले, "जळला."

ही गोष्ट तुम्हाला नवीन वाटेल. आमच्याकडे तुम्ही जेवायला खूपदा आलात, मोजायला कधी आला नाहीत.

आईने यंत्राची सगळी मापे त्याच टेपवर घेतली आणि टेप जे दाखवील तेच वहीत लिहिले. एक वजा करायचा हे ती वहीत कशाला लिहील? वाचणाऱ्या दोघीच होतो. मी तुमच्यासाठी ड्रॉइंग उतरवताना प्रत्येक मापातून एक वजा करत गेले, हात आपोआप करतो. फक्त चामड्याच्या रुंदीपाशी चुकले. वहीत चार होते, मी चारच ठेवले. आता तुमच्या अर्जात तीन सेंटिमीटर रुंदीच्या चाकावर चार सेंटिमीटर रुंदीचे चामडे बसवले आहे. जगातला कोणताही माणूस स्वतःच्या डोक्याने यंत्र काढताना असे करणार नाही.

हे मला लेथवाल्याकडून कळले. १९ फेब्रुवारीला मी सुटे भाग मोजायला त्याच्याकडे गेले, तर तो चामड्याच्या कडा कापत बसला होता. मी विचारले, "हे काय?"

"काय म्हणजे? पहिल्या यंत्रापासून कापतोय. कागदावर चार, चाकावर तीन."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? साहेबांनी स्वतः शोध लावलाय म्हणतात. म्हटलं, त्यांना ठाऊक असेल." आणि मग सुरी पुसत म्हणाला, "तुला नव्हतं ठाऊक, फुटपट्टी?"

मामा, माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक निघाली की मला जेवण जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी डबा संपवला.

त्या चामड्याबद्दल दोन शब्द, कारण ज्याच्या हाती नक्कल जाईल त्याने बहुधा कधी लोणी काढलेले नसेल. साय घुसळत असताना एक वेळ अशी येते की ती घट्ट होते. तिथे माणूस जोर लावतो. तिथेच खांदा जातो आणि तिथेच लोणी चिकट होते. आई अकरा वर्षे डेअरीत हाताने पिंप फिरवत होती, म्हणून तिला हे कळले. तिने दांडा आणि पाती यांच्यामध्ये एक लाकडी चाक घातले, त्याला चामडे गुंडाळले आणि एक स्क्रू दिला. बेताने फिरवले तर चामडे पकडते. जास्त जोर लावला तर घसरते. दांडा नुसता फिरतो, पाती थांबतात. म्हणजे यंत्र तुम्हाला घाई करूच देत नाही. आई त्याला "सुटका" म्हणते. कोणते चामडे किती घसरते हे पाहायला तिने तीन वर्षे घालवली. पट्टा, पिशवीचा बंद, बुटाची जीभ, माझे शाळेचे दप्तर, काही सोडले नाही. तुमच्या माहितीपत्रकात सुटकेला "स्वयंचलित भारनियंत्रक" म्हटले आहे. ते मीच टाइप करायला दिले होते.

आता मला जे लिहायचे नव्हते ते लिहिते.

मागच्या पत्रात मी लिहिले की आई खांद्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना तुम्ही तिची वही कपाटातून नेलीत. तुम्ही नेली नाहीत. तुम्ही मागितलीत आणि मी आणून दिली. रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी. "ताई घरी येईपर्यंत यंत्र बनवून उभं करू, बघ कशी खूश होते," असे तुम्ही म्हणालात. मी आईला विचारले नाही. विचारले असते तर ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होते, म्हणूनच विचारले नाही. ड्रॉइंग उतरवताना तुम्ही माझ्या मागे उभे होतात. "अशी रेघ या कारखान्यात कोणाला येत नाही," असे म्हणालात. आईने माझ्या रेघेबद्दल आजवर चांगला शब्द काढलेला नाही. ती म्हणते, "रेघ छान आहे, पण त्यातून लोणी निघेल का ते बघ." पेन्सिल ओढताना बोटांत फिरवत न्यायची म्हणजे टोक सारखे राहते, हे मी सात वर्षांची असताना तुम्ही शिकवलेत. तुम्ही शाबासकी दिलीत की मी अजून सात वर्षांची होते. मी चामड्याच्या मापाशी होते तेव्हाच तुम्ही ते बोललात. मला आठवते, कारण मी मान वर करून हसले होते.

जानेवारीतल्या प्रदर्शनात मी आईला घेऊन आले. ती चूक नव्हती, मुद्दामच आणले. तिने यंत्र पाहिले आणि दांड्याला हात लावला. तुमचा विक्रेता म्हणाला, "मावशी, लांबून बघा. मशीन आहे ते, खेळणं नाही." तुम्ही चार पावलांवर होतात. तुम्ही ऐकलेत. दूध संघाचे दोन पाहुणे तुमच्याबरोबर होते. तुम्ही हसत पुढे आलात, आईच्या पाठीवर हात ठेवलात आणि त्यांना म्हणालात, "ही माझी बहीण. घरी ताक घुसळते बिचारी. हिचे हाल बघूनच मला हे सुचलं."

आईही हसली. पाहुण्यांसमोर भावाची शोभा होऊ नये म्हणून हसली. बसमध्ये बसल्यावर ती एकच वाक्य बोलली, "स्क्रू फार आवळलाय गं त्यांनी. सुटका सुटतच नाही." मी दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला विचारले. तो म्हणाला, "साहेबांनीच आवळायला सांगितलं. घसरलं की गिऱ्हाईकाला मशीन लेचंपेचं वाटतं." म्हणजे आईच्या वस्तूतून तुम्ही आईचे नाव काढलेत, आणि मग ती वस्तूही काढून टाकलीत. उरले ते पिंप आणि तुमची सही.

सहीवरून आठवले असे लिहिणार होते. तसे नाही. गेले पान लिहिताना सबंध वेळ मी त्याच गोष्टीभोवती फिरते आहे.

मागच्या पत्रात हे चुकीचे लिहिले नव्हते, लिहिलेच नव्हते. ४ ऑगस्टला, टायपिस्टबाई जेवायला गेल्या असताना तुम्ही एक कागद माझ्यापुढे ठेवलात. "सदर यंत्राची रचना अर्जदाराने स्वतःच्या कल्पनेने, माझ्यासमक्ष केली." मी वाचला. मी म्हटले, "मामा, पण आईनं..." तुम्ही म्हणालात, "अगं, साक्षीदार म्हणजे पोस्टाचा शिक्का. घरातलं नाव घरातच राहतंय ना?" मी सही केली. सही करण्याआधी कागदावरची तारीख चुकली होती, ती दुरुस्तही केली. खोट्या कागदावर खरी तारीख हवी म्हणून. ही मी अशी आहे. तुम्ही मला फुटपट्टी म्हणता ते योग्यच आहे, फुटपट्टीला कुठेही ठेवा, ती सरळच पडते आणि कशासाठी मोजतो आहोत ते विचारत नाही.

आईला या सहीबद्दल कालपर्यंत माहीत नव्हते. काल सांगितले. ती साय काढत होती. उरलेली साय काढून घेतली. मग म्हणाली, "जाऊ दे. माझ्या भावाचं नाव म्हणजे काय परकं आहे का?"

"आई, त्यांच्या माणसानं तुला हात लावू दिला नाही."

"त्याला काय माहीत बिचाऱ्याला."

"मामांना माहीत होतं."

ती भांडे घेऊन आत गेली. तिचा होकार मला मिळालेला नाही, हे स्पष्ट लिहिते. जे करते आहे ते तिच्या वतीने नाही. तिने तुम्हाला केव्हाच सोडून दिले आहे. मी दिलेले नाही.

अर्जातल्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती करायची मुदत फेब्रुवारीअखेर संपली. चूक मला १९ लाच कळली होती. नोकर म्हणून ती तुम्हाला त्याच दिवशी सांगणे माझे काम होते. मी थांबले. तारखा मोजत थांबले. तो माझा अप्रामाणिकपणा आहे आणि त्याची नोंद इथे करून ठेवते. पण ते दिवस काळजीत गेले असे लिहिले तर ते आणखी एक खोटे होईल. इतके शांत मला गेल्या वर्षात कधी वाटले नव्हते.

ड्रॉइंग झाल्यावर आईची वही मी परत कपाटात ठेवली होती; ती काल नोंदणी कचेरीत जमा केली, पावती घेतली आहे. शोधण्याची तसदी घेऊ नका. टेप माझ्याजवळ आहे. तुमच्या अर्जावरच्या माझ्या हरकतीच्या सुनावणीला ती आणि या पत्राची नक्कल मी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवीन. चाळीस मापे वहीत एकाने जास्त, अर्जात एकाने कमी. एकच दोन्हीकडे सारखे. मग अधिकारी तुम्हाला विचारतील की तीनच्या चाकावर चारचे चामडे का. कोणी माप विचारले की गेली सहा वर्षे तुम्ही मान वळवून म्हणता, "सांग गं, फुटपट्टी." तेव्हाही तुमची मान वळेल. मी समोरच्या बाजूला बसलेली असेन.

मला न्याय हवा आहे असे मागच्या पत्रात लिहिले होते. तेही दुरुस्त करते. न्याय मिळाला तर आईला मिळेल. मला तुमचा चेहरा पाहायचा आहे.

त्यानंतर ते मला सहीबद्दल विचारतील. "सही तुमचीच का?" "माझीच." "मजकूर खरा का?" "खोटा, आणि सही करताना मला माहीत होते." हे उत्तर मी आरशासमोर म्हणून पाहते. माझा आरेखनाचा परवाना जाईल. कदाचित आणखीही काही होईल. सोबत राजीनामा जोडला आहे. टेबल, खण आणि सेटस्क्वेअर लेथवाल्याच्या साक्षीने मोजून दिले आहेत.

एकच विनंती. सुनावणीपर्यंत आमच्या घरी येऊ नका. तुम्ही दारात नुसते "ताई" म्हणालात तरी ती तुम्हाला माफ करील, पाट मांडील, वाढायला घेईल. तुम्ही नेहमी ज्या खुर्चीवर बसता ती मी शेजारी देऊन टाकली आहे. आलात तरी मी दार उघडणार नाही, आणि तिचे कान अजून तिखट आहेत, तिला ऐकू जाईल. सुनावणी झाल्यावर या, हवे तर. तेव्हा मी अडवणार नाही.

सुनावणीची नोटीस तुम्हालाही आली आहे. तरी गैरसमज नको म्हणून दिवस आणि वेळ खाली सहीतच लिहिते.

सोमवार, ११ मार्च, सकाळी साडेदहा वाजेपर्यंत
तुमची भाची