सदानंदचा पॉकेट रेडिओ

किन्हवली

सदानंद, जय भीम.

काल तुझी मुलगी संघरत्ना मुरबाडहून दुकानात आली. म्हणाली, "मावशी, बाबांना आता दिसत नाय. मोबाइल जमत नाय त्यांना. हातात धरायचा जुना रेडिओ पायजे. असले रेडिओ तुमीच दुरुस्त करता ना?" तिची हनुवटी पाहूनच मी बाबांचं नाव विचारलं.

नोकरीवर जाताना तुझा रेडिओ तू आमच्या आबांकडे दुरुस्तीला टाकला होतास. "पौर्णिमा, सुट्टीत आलो की नेतो," असं मला म्हणालास. सुट्टीत आलास तो लग्न ठरवूनच, आणि परत दुकानाकडे फिरकला नाहीस.

आबा गेल्यावर दुकान मीच चालवते. तुझं मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं, त्याचे पार्ट मिळत नाहीत. तरी दर पावसाळ्यानंतर मी तो उघडायची, गंज पुसायची, सुटलेल्या तारेला कथलाचा डाग द्यायची. संध्याकाळी घरी नेऊन लावायची. घरात दुसरा आवाज नव्हता.

तोच मी तिच्या हातात ठेवला. नवे सेल घातले, स्टेशनचं चाक कसं फिरवायचं ते दाखवलं.

"कोणी दिला म्हणून सांगू?" तिनं विचारलं.

"दुकानातल्या बाईनं."

हात लावल्यावर तुला तो ओळखू आला का, हे मला कधी कळायचं नाही. आज घरी आले तर घर फार गप्प वाटलं, म्हणून लिहायला बसले. पण हे पत्र तुला संघरत्नाच वाचून दाखवणार. तेव्हा ते माझ्याकडेच राहू दे.

अजून किन्हवलीतच असलेली,
पौर्णिमा