नाव सांगू की नको

६ फेब्रुवारी २००८, बुधवार

पंधरा तारखेला पुण्याची माणसं येणार, हे नक्की. दत्तप्रसादने सांगितलं आणि रूपालीने त्यांची मेल दाखवली. दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय मी काही लिहीत नाही. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर काढल्याची खोड — रोजनिशीतसुद्धा जात नाही.

दत्तप्रसाद म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून त्याने इथे देवबागला कंपनी काढली आहे. खाली जाळी ठेवायची खोली, वर माडीवर कंपनी. कंपनी म्हणजे तो, कणकवलीची रूपाली, दोन संगणक आणि एक इन्व्हर्टर. धंदा माणसाच्या इंटरनेटवरच्या ओळखीचा. प्रत्येक साइटला नवं नाव, नवा पासवर्ड द्यायचा नाही. एकाच ठिकाणी नाव नोंदवायचं. बाकीच्या साइट तिथे येऊन विचारतील. पद्धत सगळ्यांना खुली, कोणाच्या मालकीची नाही. मी माझ्यापुरतं समजून घेतलं ते असं: बाजारात नवखा माणूस म्हणतो, मी लवूकडचा पाहुणा. दुकानदार त्याला उलटसुलट विचारत बसत नाही, लवूला विचारतो. दत्तप्रसाद म्हणाला, "ह्याच तां, मावशे!"

पुण्याची ती एक प्रवास कंपनी. पाहुण्यांना खोल्या देणारी नऊ घरं गावात आहेत. दत्तप्रसादने त्या सगळ्यांकडे एकेक जुना संगणक बसवलाय. त्यांतल्या सात घरांनी कोणाच्या मदतीशिवाय आत जाऊन दाखवलं, तर ते आमची पद्धत घेणार. नाहीतर माडी बंद आणि दत्तप्रसाद परत पुण्याला. बहीण कालपासून माझ्याशी फार गोड बोलते आहे.

माझ्याकडे काम एकच — एक वाक्य. साइट ओळख मागते तेव्हा पडद्यावर येतं ते. त्यासाठी आठवडा! मी अग्रलेख चाळीस मिनिटांत देत असे.

७ फेब्रुवारी

वाक्य दिलं. "सदर संकेतस्थळ आपली ओळख मागत आहे. आपला त्यावर विश्वास आहे काय?" खाली दोन बटणं: हो, नाही. वीस मिनिटं लागली.

८ फेब्रुवारी

नऊ घरांत चाचणी. आत गेलेली घरं: शून्य.

यमुनाबाय — पूर्वी मासे विकायची, आता तीन खोल्या चालवते — पडद्याकडे बघून म्हणाली, "वळख ना पाळख, आणि माझो इस्वास इचारता? लगीन जुळवता काय?" नाही दाबून चुलीकडे गेली.

दुसऱ्या घरच्या लवूने काहीच दाबलं नाही. भावाला विचारून येतो म्हणाला. भाऊ होडी घेऊन गेलेला. आमचं पान पाच मिनिटांनी आपोआप मिटतं. संध्याकाळी दोघे भाऊ अंघोळ करून, बरे कपडे घालून येऊन बसले, तर पडदा कोरा! लवूला अपमान वाटलाय. मला बघून रस्ता बदलतो.

१० फेब्रुवारी, रविवार

नऊ घरांतलीच एक सुगंधा, तिच्या पडवीत शोध लागला. तिनेही परवा नाही दाबलं होतं. पण तिला म्हणायचं होतं हो!

मग नाही का दाबलंस?

"पयल्याच खेपेक हो म्हणतत काय गो? हावरेपणा दिसता."

बरोबरच आहे. चहा विचारला की आधी नको म्हणायचं. समोरच्याने आग्रह करायचा. मग अर्धाच द्या म्हणत पूर्ण कप घ्यायचा. आमचं पान आग्रहच करत नाही. नाही म्हटलं की "धन्यवाद" म्हणून दार लावून घेतं.

रूपालीला म्हटलं, दोनदा विचारू दे पानाला. तिने हातातली वायर खाली ठेवली. म्हणाली, नाही म्हणजे नाही, या खुल्या पद्धतीचं जे मानक ठरलंय, त्याचा पायाच तो आहे. मी म्हटलं, मानक लिहिणारे कधी कोणाकडे चहाला गेले नसतील. दत्तप्रसाद मध्ये पडला नाही. शहाणा आहे.

११ फेब्रुवारी

दोनदा विचारणं रद्द. मसुदे चार, फाडले चार. चौथ्यात "कृपया" तीनदा होतं.

१२ फेब्रुवारी

सापडलं! विश्वासाचं विचारायचंच नाही. कोणी पत्ता शोधत आलं की शेजारीण कुंपणावरून हाक मारते, तसं विचारायचं. "अमकेवाले तुमचा नाव इचारतत. सांगू?" अमकेच्या जागी त्या साइटचं नाव. बटणं: सांग, नको.

पाच शब्द, सहा दिवस. माझे जुने संपादक असते तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं.

१३ फेब्रुवारी

आठ घरं आत! लवू भावाला न विचारता गेला. सुगंधाला म्हटलं, या वेळी नको नाही म्हणालीस? "ह्या काय चाय न्हय गो, निरोप आसा. निरोपाक कोण नको म्हणता?"

नववी यमुनाबाय. तिने रूपालीकडून आमच्या पानाचा खरा पत्ता कागदावर लिहून घेतलाय आणि कॅलेंडरवर डकवलाय. इंग्रजी वाचता येत नाही. पडद्यावरच्या पत्त्याचं एकेक अक्षर बोट ठेवून कागदावरच्या अक्षराशी जुळवते. पाच मिनिटांत कसं व्हायचं! मी जरा हसले, तर मला म्हणाली, "मासो घेताना कल्ले बघतंस मा? तसाच ह्या." दत्तप्रसादने पानाची मुदत वीस मिनिटं केली. सतराव्या मिनिटाला ती आत. नऊ!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळभर वीज नाही. दुपारी मेल उघडली तर पाहुण्यांच्या खोल्यांची कसलीशी नवी साइट, तिचा दुवा दाबला, आणि तिच्या पानावर माझं वाक्य! जसंच्या तसं. आपण लिहिलेलं बाहेर छापून आलेलं बघायला या वयातही बरं वाटतं. सांग दाबलं. पासवर्ड मागितला, दिला. दोनदा वाचलं वाक्य.

१५ फेब्रुवारी

पुण्याची दोन माणसं अकराला यायची ती तीनला आली. तळेऱ्याला चुकून देवगडच्या रस्त्याला लागली, मिठबावला जेवून किनाऱ्याकिनाऱ्याने पोचली. चाचणीत नऊच्या नऊ घरं आत. बहीण देवापुढे साखर ठेवून आली.

पाहुण्यांना चहा विचारला. दोघेही नको म्हणाले. आम्ही आग्रह केला. दोन-दोन कप प्यायले. मी रूपालीकडे बघितलं. ती छताकडे.

निर्णय उद्या कळवतो म्हणाले. आणखी एक तपासणी केली आहे म्हणे, तिचा निकाल बघायचाय.

१६ फेब्रुवारी, शनिवार

करार झाला. दत्तप्रसाद इथेच राहणार. गुरुवारची ती साइट खोटी होती — पुण्याच्या माणसांनीच बनवून सगळ्यांना पाठवलेली, आमचं वाक्य उचलून. आठही घरं आधी यमुनाबायकडे विचारायला गेली. तिने कागद जुळवला, पत्ता जुळेना, आणि सगळ्यांना सांगितलं, नको. अख्ख्या देवबागात नाव आणि पासवर्ड देणारं माणूस एकच निघालं. रूपालीने यादी दाखवली. दत्तप्रसादने दुजोरा दिला.

सोमवारी दहा वाजता यमुनाबायकडे माझी शिकवणी. येताना वही आण म्हणालीय.