डोकं दुखेल तेव्हाची गोळी

१२ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमच्याकडेही असणारच, तुमच्या भावाचं हसणं फोनवर मागून ऐकू येतं.

‘दोन दिवस ताईकडे राहून येतो’ म्हणून गेलेला माणूस महिना झाला तरी परतलेला नाही. विचारणाऱ्यांना मी सांगते, त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला तुमचं घर जवळ पडतं.

काल तुम्ही म्हणालात, “अगं, इथं तो पोटभर जेवतो. आमचा भाऊ खाल्ल्या मिठाला जागणारा, अळण्याला नाही!” तुमचे यजमानही खदखदून हसले. हसा.

मी टेबलावरची मिठाची बरणी उचलली, तळण कमी केलं, संध्याकाळी त्याला चालायला नेलं. सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं. तो शेजाऱ्यांना म्हणायचा, “निघालो पोलीस बंदोबस्तात!” त्याचा रक्तदाब मी पाहुण्यांसमोर जाहीर करायचे, हेही खरं. ते त्याने तुम्हाला सांगितलं असेलच.

बरणी तुम्ही पुन्हा त्याच्या ताटाशी ठेवलीत, तेही मी गिळलं असतं. पण रक्तदाबाची गोळी? “रोज कशाला, सवय लागते. डोकं दुखलं की देते मी.” वर हे कौतुकाने सांगता! वाढलेला रक्तदाब डोकं दुखवून वर्दी देत नाही, ताई. काही होत नसतं तेव्हाही ती गोळी घ्यायची असते. कुणाला विचारून बंद केलीत? उद्या काही झालं, तर गळा काढायला तुम्हीच पुढे असाल.

इथवर लिहून मी थांबले. स्वतःला विचारलं, मला तो जगायला हवाय, की माझ्या घरात जगायला हवाय? उत्तर चटकन आलं नाही, याची लाज वाटली.

तर त्याला परत पाठवू नका. माझ्या हातचं कमी मिठाचं त्याला शिक्षेसारखं लागतं. तुमच्या हातचं तो मुकाट खाईल. चालायलाही तुम्हीच न्या. आधी डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब मोजून घ्या, मग ते सांगतील तशी रोज गोळी, डोकं दुखो न दुखो. पाकिटं सोबत पाठवतेय. मी पाठवली म्हणू नका, तो घेणार नाही.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

तुमच्या हवाली केलेल्या माणसाची,
बायको