आण्णांनी नाही म्हटलंय

उधना, सुरत
दि. ९ डिसेंबर २०२४

वाल्मिकराव व्याही यांना काशिनाथचा रामराम. विहीणबाईंना नमस्कार.

भरताची वांगी पोचली. गॅसवर भाजली, पण तुरकाठ्यांचा धूर नाही तर त्याला भरीत का म्हणावं? इकडे थंडी नावालाच. सकाळी गच्चीवर ऊन खात बसलो की शाळा आठवते. सखाराम गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे. चाल चुकली तर छडी नाही, पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्या सगळ्या कविता मी किरणला म्हणून दाखवतो.

फोन का नाही केला, असं वाटेल तुम्हाला. एका खोलीचं घर, बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, मला ऐकू कमी, तुम्हाला मोठ्याने बोलावं लागणार आणि सोनाली तिथेच बसून सगळं ऐकणार.

किरण दीड वर्षाचा झाला. अजून ‘आई’ म्हणत नाही. हाक मारली तर वळत नाही. आम्ही लूमवाली माणसं, जन्म खडखडाटात गेला. आमच्यात कान जाणं म्हणजे केस पांढरे होण्यासारखं. खोलीच्या खालीच लूमचा कारखाना, म्हणून सगळे धरूनच चालले की पोराचे कान गेले. शेजारच्या ताराबाई तर म्हणाल्या, आजा बहिरा, नातू बहिरा, आता या घरात भांडायची सोय नाही. आम्हीही हसलो. त्या हसण्यात कितीतरी महिने गेले.

मग आमच्या कुंदनने कामावर खाडा करून पोराचे कान तपासून आणले. सोनाली आणि मीही गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, “दादा, कान तो सरस छे,” कानांत काही खोट नाही, आणि सोनालीकडे बघत राहिले. मग विचारलं, घरात याच्याशी बोलतं कोण?

वाल्मिकराव, तुमची मुलगी बाळंतपणातून उठलीच नाही. स्वयंपाक करते, लेकराला न्हाऊ घालते, भरवते, आणि त्यात ती कुठेच नसते. किरण लहान असताना तिच्या तोंडाकडे बघून हसायचा, ओठ हलवायचा, मग वाट बघायचा. ती भिंतीकडे बघत असायची. तो पुन्हा हसायचा. आता त्याने ते सोडून दिलंय. मी कविता म्हणतो तेव्हा तो पंख्याकडे बघतो.

परवा पोराला माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, “बाबा, याले तुम्हीच ल्या. मना हातच चालत नही.” रडलीसुद्धा नाही.

कानाच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही की बाधा नाही. औषधाने उतार पडतो. आई सावरली की लेकरूही सावरायला लागतं, पण फार थांबू नका. कुंदन कडोदऱ्याच्या कारखान्यातली पाळी करून येतो आणि तिच्यापुढे हात जोडतो. गोळ्यांचं पाकीट तसंच पडून आहे. ती तुमचा एकच शब्द सांगते, आण्णांनी नाही म्हटलंय.

चंचलला बघायला पाहुणे येताहेत. थोरल्या बहिणीला वेड्याच्या गोळ्या चालू आहेत असं गावात फुटलं तर काय, ही तुमची भीती मला कळते. मुलीच्या बापाला कोणी काही शिकवू नये. पण ती तुमच्या शब्दाबाहेर जात नाही, आणि माझा शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाही. एवढ्या कविता पाठ आहेत मला. एकीचाही उपयोग होत नाही.

तिला फोन करा. ‘माय, गोळी घे’ एवढंच म्हणा. बाकी आम्ही झाकून नेऊ, कोणाच्या कानावर जाणार नाही. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर मला कळवा, तिला नको. दुसऱ्यांदा ती ते ऐकू शकणार नाही.

चंचलला आशीर्वाद. तिचं जमो, खरंच जमो.

आपल्या एका शब्दासाठी थांबलेला,
काशिनाथ