शाळेतल्या कडुनिंबाच्या बिया

४ मार्च
आज बियाण्यांच्या लॅबमध्ये ठिणगी पडली. आमची प्रमुख (बारा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली काचेच्या बश्या धुवायची, तेव्हा मी तिला चिमणी म्हणत असे) म्हणाली, मावशी, तो बिस्किटांचा डबा कपाटातून काढा, मेलेल्या बियांना जागा नाही. मावशी! ऑफिसात!

डब्यात माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या बिया आहेत. बारा वर्षांपूर्वी गोळा केल्या, आणि त्याच वर्षी झाड पाडलं. त्याच्या सावलीत मी सिस्टरांच्या छड्या खाल्ल्या, बक्षिसंही घेतली. जगात त्या झाडाचं एवढंच उरलंय. ठणकावून सांगितलं, शंभरातल्या चाळीस रुजवून दाखवते. ती म्हणाली, दहा रुजल्या तरी डबा राहील. दया नको होती. घेतली.

५ मार्च
शंभर बिया वाळूत पेरल्या. हे म्हणाले, अगं, कडुनिंबाचं बी चार-सहा महिन्यांत राम म्हणतं, तूच शिकवायचीस ना? ते लोकांचं बी. माझं जपलेलं आहे.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी १०
वेगळ्या दहा बिया भिजवून, चिरून टेस्टच्या द्रावणात ठेवल्या. बी जिवंत असेल तर तिच्यातली एन्झाइम्स काम करतात आणि बी लाल होते. मेलेली पांढरीफटक राहते. दुपारी बघायचं. (भाचीच्या साखरपुड्याला लवकर निघाले. बिया कुठे पळून जातात?)

१० मार्च, सोमवार
लाल! दहाच्या दहा! गडद लाल! सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशी हाक मारून चिमणीला बोलावलं. तिनं वाकून वास घेतला. बशी कधी ठेवलीत? शुक्रवारी. मग म्हणाली, मावशी, तीन दिवसांत बिया कुजल्या, हा रंग बुरशीचा. बुरशी मात्र ठणठणीत आहे हो, अभिनंदन.
हल्लीच्या मुलींना बोलायचं वळण नाही.

१७ मार्च
वाळूत हिरवा कोंब! यांना फोन केला. हे म्हणाले, गवत असेल. घरी बसून यांना सगळं दिसतं.

१८ मार्च
गवतच होतं.

२४ मार्च
अजून शून्य. एन्झाइम्स झोपली असतील. म्हातारपणी उठायला वेळ लागतोच, मलाच लागतो. ट्रे उबेला ठेवला, कोमट पाणी घातलं, थोडं बोललेही. हे घ्यायला आले होते, विचारलं, बियांशी इंग्रजीत का बोलतेस? शाळेत तसा नियमच होता.

२९ मार्च, दुपारी ४
वाळू उकरली. शंभरच्या शंभर पोकळ, बोटांत चुरा. चिमणीनं चहा आणून ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मग ती जुनं रजिस्टर घेऊन आली. म्हणाली, पहिल्या वर्षी ताज्या होत्या तेव्हा किती रुजल्या होत्या, बघू या. म्हटलं, बघ, बघ, म्हणजे तुला कळेल काय बियाणं होतं ते.

शंभरात चौऱ्याण्णव. पुढे शेऱ्याच्या रकान्यात: 'चाचणी पूर्ण. रोपे नियमाप्रमाणे फेकून दिली. उरलेले बी जपून ठेवावे.' खाली माझी सही.

तेव्हाचं माझं अक्षर काय सुरेख होतं!