घोंगडीखाली दाखवलेला हात

शनिशिंगणापूर
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे
(उजव्या हाताचे काळे कापड नुकतेच सोडले आहे आणि त्याच हाताने लिहीत आहे.)

तीर्थरूप पुंजाराम मामांस,

वैजनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात हे मुद्दाम लिहिले आहे, कारण पुढे येईल.) मामींचा गुडघा कसा आहे? ज्वारी उगवली का? आईची प्रकृती ठीक आहे. फोनच केला असता, पण मामी तुमचा मोबाईल स्पीकरवर लावतात आणि मग बातमी मिरजगावच्या स्टँडपर्यंत जाते, म्हणून पत्र. तुम्ही सुचवलेले अकोले तालुक्यातले स्थळ मोडता मोडता वाचले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचे तुम्ही निवांत वाचाल.

माझ्या उजव्या हातावर चामखिळींची किती दाटी झाली होती ते तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही वरातीच्या घोड्याच्या शेपटीचा केस बांधून दिला होता. चामखीळ तशीच राहिली आणि अंगठा सुजला. राग नाही, आठवण म्हणून लिहिले.) भागवतरावांकडे मुलगी पाहायला गेलो तेव्हा लाजेने तो हात मी, पोह्यांची बशी घेतानाचा क्षण सोडला तर, सगळा वेळ खिशात ठेवला. पोहे डाव्या हाताने खाल्ले, आणि निघताना भागवतरावांनी दिलेला नारळसुद्धा डाव्याच हातात घेतला. आईने तेव्हा माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. पुढे तुमच्याच मार्फत निरोप आला की मुलाचा उजवा हात पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे होणार नाही.

म्हणून परवा शुक्रवारी नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हे विषाणूचे काम आहे, घोड्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी चामखिळींवर मलम लावले, वरून काळी पट्टी गुंडाळून तीन तास बसवले आणि मग हात लाल दिव्याखाली धरायला लावला. मलम नुसते लावून काही करत नाही, उजेड पडला की ते जागे होते आणि चामखिळीला मारते, असा प्रकार आहे. (दुखले नाही. मुंग्या आल्यासारखे वाटले.) मात्र औषधाचा अंश कातडीत उरतो, म्हणून दोन दिवस हाताला ऊन, उजेड आणि ओल यांपासून जपायचे. बाई म्हणाल्या, घरी दार लावून अंधारात बसा. मी म्हणालो, आमच्या घराला दार नाही. बाई नव्याच आलेल्या. एवढी गरिबी पाहून त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. नर्सबाईंनी "मॅडम, शिंगणापूरचे आहेत ते" असे सांगितल्यावर पुडा अर्धा परत आत गेला, पण मग त्यांनाच कसेसे वाटून तो मला दिला. आणि काळ्या कापडात हात घट्ट गुंडाळून ठेवा म्हणाल्या.

काळे कापड आमच्या गावात कमी नाही. शनिवारी सकाळी मच्छिंद्रशेठच्या दुकानात (तेल, रुईच्या माळा आणि देवाला वाहायचे काळे कापड, हाच आमचा धंदा) कोपरापर्यंत हात गुंडाळून कामावर बसलो. हात खाली सोडला की ठणकायचा, म्हणून वर धरला. थोड्याच वेळात भाविक माझ्या पाया पडू लागले. मी उठायला लागलो तर शेठ हळूच म्हणाले, "हात खाली घेऊ नको रे, तेल खपतंय."

अशा अवस्थेत, खांद्यावर घोंगडी टाकून भागवतराव दर्शनाला आले.

"कसला नवस बोललाय, पाव्हणं?"

नवस नाही, औषध आहे, असे मी सांगितले. मग कापड सोडून दाखवा, म्हणाले. मी म्हणालो, उद्या दोनच्या पुढे. (खरे तेच सांगितले, पण ऐकायला फार वाईट वाटले.) त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "त्या दिशी खिशात, आज कापडात. कडबाकुट्टीत बोटं गेल्यात का? खरं सांगा. मी पोरीचा बाप हाय."

तेवढ्यात मागून एका परगावच्या बाईंनी भक्तिभावाने आख्खी बाटली माझ्या हातावर ओतली. तेल बोटांपासून बगलेपर्यंत आले. आता कापड बदलणे भाग, ऊन डोक्यावर, आणि गावात लावायला एक दार नाही. मी एवढेच म्हणू शकलो, "भागवतराव, अंधार पाहिजे."

त्यांनी दुकानामागच्या आमच्या घराच्या उघड्या चौकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि घोंगडी आम्हा दोघांवर टाकली. आत मेंढराचा वास आणि मिट्ट काळोख. त्यांनी चाचपडत ओले कापड सोडले, कोरड्याने अलगद टिपले आणि नवे गुंडाळता गुंडाळता एकेक बोट मोजले.

"पाची हायेत की वो."

"हो."

"मंग हे टणक काय लागतंय?"

"चामखिळी."

घोंगडी हलू लागली. ते हसत होते. "निकिता म्हणली व्हती, पवं देताना दिसल्या म्हणून. मला वाटलं, पोरगी सावरून घेतीय." (म्हणजे तिने त्याच दिवशी पाहिले होते, मामा, आणि तरी होकार दिला होता.) बाहेर आलो तेव्हा घोंगडीपुढे कोणीतरी दोन नारळ ठेवले होते. भागवतरावांनी त्यातला एक उचलून माझ्यापुढे केला. "घ्या, जावईबापू. आज डाव्या हातानं चालंल." मी नारळ घेतला आणि त्यांना साबणाने दोनदा हात धुवायला लावले, कारण हे पसरते.

आता हात लाल आहे, खपली धरते आहे, तीन-चार चिवट अजून बसून आहेत. साखरपुडा मार्गशीर्षात. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
वैजनाथ

ता. क. पत्र आईला दाखवायचे होते, म्हणून वर "दुखले नाही" असे लिहिले. दुखले. दिव्याखाली मी नर्सबाईंची ओढणी धरून ठेवली होती. पुढची खेप शुक्रवारी, २८ तारखेला आहे. तुम्ही बरोबर याल का? मामींना कांद्याच्या मार्केटचे काम आहे असे सांगा.

ता. क. २. भागवतरावही येणार आहेत. पाची बोटे आता उजेडात बघतो म्हणाले. तरी दिवा लागला की तुम्ही त्यांना चहाला बाहेर न्यावे. दवाखान्याच्या खाली टपरी आहे. चहा सावकाश प्यावा.